आक्काची फळी

चाकातून धूर निघत होता आणि आमचे हे मला म्हणाले, "निर्मला, आधी शूटिंग घे."

गडहिंग्लज मागे पडलं होतं. नेसरी जेमतेम अर्ध्या तासावर राहिली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तोडणीला आलेला ऊस, मध्ये आमची बोलेरो, बोलेरोच्या मागे आमचा डबा आणि डब्याच्या डाव्या चाकातून येणारा जळक्या ग्रीसचा वास. नेसरीच्या एसटी स्टँडवर माझी थोरली बहीण पिशवी घेऊन सकाळपासून बसलेली. आणि ह्या माणसाला शूटिंग हवं होतं.

"आधी पाणी मारा त्याच्यावर," मी म्हटलं.

"खुळी हाईस काय? तापल्या लोखंडावर पाणी मारतात व्हय? तडकंल हब. तू धूर घे आधी, धूर जाईल."

मी धूर घेतला. मोबाईल धरून, वाकून, जवळून घेतला. 'फिरतं घर' नावाचा ह्यांचा एक ग्रुप आहे. स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन हिंडणारे देशभरातले पुरुष त्याच्यावर आहेत, आणि हिंडण्यापेक्षा काय मोडलं आणि कसं जोडलं हेच त्याच्यावर जास्त असतं. हे त्या ग्रुपचे हिरो. ह्यांच्या नुसत्या एका वेल्डिंगच्या शूटिंगला लोकांनी पसंतीचे इतके अंगठे पाठवले होते की आठवडाभर घरात तेवढाच विषय. ते शूटिंग कुणी घेतलं हे मात्र अजून एकाही बाप्यानं विचारलेलं नाही.

डबा म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कळेल. सोमशेखर मिस्त्री म्हटलं की कोल्हापुरात उद्यमनगरात अजून माणसं खुर्ची पुढे करतात. उभा जन्म लेथवर लोखंड कातण्यात गेला. मग आमच्या रुद्रेशनं वर्कशॉप हातात घेतलं, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आणली, आणि ह्यांना म्हणाला, पप्पा, आता आराम करा. रिकाम्या हातांनी घरात बसलेला मिस्त्री काय असतो, ते मिस्त्रीच्या बायकोला विचारावं. मिक्सर उघडला, पंखा उघडला, माझं शिलाई मशीन उघडून 'सुधारलं'. शेवटी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांगाडा आणून परसात टाकला आणि म्हणाले, "निर्मला, आता तुला घर घिऊनच फिरवतो."

मी खूश झाले होते, खोटं कशाला सांगू. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्याबरोबर जोतिबा सोडून कुठे गेले नव्हते. सांगाड्यावर पत्रा चढला, पत्र्याला खिडक्या आल्या, आत शेगडी, मोरी, आम्हा दोघांना दोन बाकं, आणि समोरच्या भिंतीला साखळीनं खाली सोडायची एक लांब फळी. ती फळी ठोकताना हेच म्हणाले होते, "ही आक्काची." त्या दिवशी मी ह्यांना दोन वेळा चहा दिला. गल्लीनं त्या गाडीचं नाव 'डबा' ठेवलं. ह्यांना ते नाव आवडत नाही, म्हणून मी तेच वापरते.

पण ह्यांचा एक हट्ट. बाजारातलं काही लावायचं नाही. चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, शिरोलीतल्या मित्राच्या फाउंड्रीत ओतून घेतला, घरच्या जुन्या लेथवर स्वतः कातला. चाक ज्यांच्यावर बसतं ते स्टड स्वतः कातले. बाजारात मिळतं त्या मापाचे नाहीत, मधल्याच कुठल्यातरी मापाचे, कारण ह्यांच्या हिशेबानं बाजारातलं माप चुकीचं. आणि डाव्या चाकाला उलटे आटे पाडले. उलटे म्हणजे, सगळं जग नट ज्या बाजूला फिरवून सोडवतं, त्या बाजूला हा आवळतो. जुन्या लॉऱ्यांना असं असायचं म्हणे, चाक फिरताना नट आपोआप ढिला होत नाही. हे ज्ञान मी मागितलेलं नव्हतं. ह्यांनी गाडी बांधली तेव्हा टॉर्च मी धरलेली आहे. तो पाना दे, हा पाना नव्हे, थोडं इकडं उजेड, गाडी जरा पुढं घे, आता मागं घे. बोलेरो चालवायला मी अशीच शिकले, परसात, पुढं आणि मागं. वर्दळीच्या रस्त्यावर एकटीनं कधी गेले नाही, आणि चौथा गिअर तर कधी टाकलाच नव्हता.

आता आक्काचं सांगते. आमचं माहेर संकेश्वरकडचं, घरात कानडी. आक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, नेसरीला दिली. नवरा लवकर गेला, म्हशींवर पोरगा वाढवला. नेसरीपासून आंबोलीचा घाट काही लांब नाही, घाट उतरलं की खाली समुद्र. पण आक्कानं समुद्र बघितलेला नाही. म्हशींची धार दोन्ही वेळेला असते आणि आक्काशिवाय त्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. लहानपणी आम्ही दोघी अव्वाच्या, म्हणजे आईच्या, कुशीत झोपायचो तेव्हा आक्का मला समुद्र सांगायची, न बघताच. इतका मोठा की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि रात्रीसुद्धा झोपत नाही. मला खरं वाटायचं.

पहिल्या खेपेला आक्कानं शेंगाच्या पोळ्या केल्या, कडक भाकरी केल्या, म्हशींना महिनाभर सुनेची, क्रांतीची, सवय लावली. निघायच्या दिवशी सगळी गल्ली दारात. शेजारच्या चिमणाबाईनं समुद्राचं पाणी आणायला रिकामी बाटली दिली. आणि आम्ही कागलच्या पुढे गेलोच नाही, कारण डब्याचा जोड तडकला. हे रस्त्यावर आडवे पडून दिवसभर तो सांधत बसले. मी म्हटलं, आता पुढं जाऊया. तर म्हणाले, "आता घरला न्हिऊन नीट बघायला पायजे." दुसऱ्या खेपेला निपाणीजवळ पाण्याची टाकी फुटून सगळी बॅटरी भिजली. तेव्हाही तेच, घरला न्हिऊन नीट बघायला पायजे. दोन्ही वेळेला आक्का नवं लुगडं नेसून संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात बसली होती. गल्लीतली पोरंटोरं अजून तिला विचारतात, "आजी, समुद्र कसा हुता?"

म्हणून ह्या वेळेला तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त क्रांतीला. बाजाराला जाते असं दाखवून स्टँडवर येऊन बसते म्हणाली, तिथनंच मला उचला. आणि फोन ठेवताना म्हणाली, "निम्मव्वा, ह्या खेपंला आला न्हाईसा तर परत मला इचारू नको. समुद्राचं बी न्हाय आणि कशाचं बी न्हाय." आक्का चेष्टेत असं बोलत नाही. तिनं अबोला धरला की धरला, सख्ख्या दिराशी तो मरेपर्यंत ती बोलली नव्हती. मला आई म्हणून तीच राहिलेली आहे. डोळ्यासमोर हे सगळं असताना मी चाकाच्या धुराचं शूटिंग घेत होते.

चाक निवलं तसे हे खुशीत आले. हो, खुशीत. चेहराच फुलला. बाह्या वर केल्या, गुडघे दुखतात म्हणून देवळात खाली न बसणारा माणूस रस्त्यावर फतकल मारून बसला. "बेअरिंग गेलंय. काय न्हाय, दुसरं हाय माझ्याजवळ. तासाभराचं काम."

तासाभराचं म्हटल्यावर मी शूटिंग बंद केलं. आक्काला फोन करून सांगितलं, येतोय, जवळच आहे. ती नुसतं "हं" म्हणाली.

हे जॅक काढायला डब्याच्या मागे गेले, तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. गडी पन्नाशीचा, पण मान आणि खांदे असे की कुणीही ओळखावं, तालमीतला. कान चुरगळलेले. नाव कृष्णात, शेत तिथंच पुढे. "काय झालं मावशी? चाक काढायचं हाय व्हय? सरा." मी काही म्हणायच्या आत त्यानं पाना नटावर चढवला, पान्याला लांब पाईप घातला आणि पाय रोवून जोर लावला. जगात सगळे नट सुटतात त्या बाजूला.

"अहो, थांबा!" मी ओरडले. "त्याचं उलटं..."

तोवर 'टण्ण' असा आवाज झाला. कृष्णातच्या हातात पाईप, पाईपच्या टोकाला पाना, पान्यात नट, आणि नटात स्टडचा तुकडा. त्याला वाटलं नट गंजलाय. माझं ओरडणं त्याला चेव आणणं वाटलं की काय कोण जाणे, त्यानं पुढचा धरला, आणखी जोर लावला, आणि तोही मोडला.

"काय लोखंड वापरलंय हो!" तो म्हणाला. "लोण्यागत तुटलं."

हे मागून धावत आले. ह्यांचा आवाज मी लेथच्या खडखडाटावरून ऐकलेला आहे, पण तसा कधी ऐकला नव्हता. "आरं, उलटं आटं हाईत त्ये! तुला कुणी हात लावायला सांगितलाता?"

"उलटं? कशाला?"

"कशाला म्हंजे? डावं चाक हाय!"

"मग तसं लिवायचं न्हाय व्हय वर? मला काय सपान पडलंय?" कृष्णातही काही कमी नव्हता. "आख्ख्या तालुक्यात कुणाच्या चाकाला उलटं आटं न्हाईत. कुठल्या गावचं पावणं तुमी?"

"कोल्हापूरचा. उद्यमनगर."

"मग बरोबर हाय," तो म्हणाला, आणि मला रागातही हसू आलं.

दोघांची चांगली जुंपली. पण कृष्णात मनानं मोकळा होता. ओरडून झाल्यावर तोच म्हणाला, "जाऊंदे पावणं, चूक माझी. माझा ट्रॅक्टर आणतो, त्येनं डबा हळूहळू वढून नेसरीत नेऊ. तिथं ट्रॉल्या दुरुस्त करणारा हाय, दुसरा हब बसवंल, सांजच्याला तुमी वाटंला लागाल."

मी देवाचे आभार मानले. ह्यांनी मान हलवली, आडवी.

"माझ्या गाडीला ट्रॉलीचा हब? न्हाय जमायचं."

"मग राहिलेल्या नटांवर हळूहळू जाऊया की," मी म्हटलं. "नेसरी इथं तर आहे."

"मोडक्या चाकावर गाडी चालवू? मी मिस्त्री हाय का कोण हाय?" मग आवाज खाली आणून, लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "निर्मला, सळई हाय माझ्याजवळ, आटं पाडायची डाय हाय, ग्राइंडर हाय. हितंच नवं स्टड करतो. बोलेरोच्या बॅटरीवर ग्राइंडर चालतोय. उद्या दुपारपतूर चाक बसलं बघ. तू फकस्त टॉर्च आणि शूटिंग बघ."

"आणि आक्का?"

"आक्काला फोन कर. उद्या म्हणून सांग."

"तिला आज घेऊन येऊया. गाडी सोडवा, मी जाऊन आणते. रात्री डब्यात झोपंल ती."

"गाडी कशी सोडवू? ग्राइंडरला करंट कुठनं देऊ? आणि आक्का हितं झोपणार कुठं?"

मला ते शेवटचं वाक्य नीट कळलंच नाही. मी म्हटलं, कुठं म्हणजे, फळीवर. हे चाकाकडे वळले.

मी डब्यात चढले. निघताना सामान मी माझ्या बाकाखाली लावलं होतं. फळीकडचं ह्यांनी लावलं होतं, तिकडं हात लावू नको, मी करतो, म्हणाले होते. फळी खाली सोडलेली होती आणि तिच्यावर ताडपत्री. मला वाटलं होतं, आक्काची गादी धुळीनं खराब होऊ नये म्हणून झाकली असेल. ताडपत्री ओढली. खाली फळीवर बोल्टनं घट्ट बसवलेला लोखंडी शिकंजा. त्याच्या शेजारी सळयांची मोळी. तिच्या शेजारी कानशी, डाय, हातोडे, सगळं खोबणी करून, ठोकून, कायमचं. फळीला भोकं पाडली होती. आक्काच्या फळीला भोकं पाडली होती. तिथे माणूस काय, मांजर झोपलं नसतं.

आणि पायथ्याशी ग्राइंडर. खड्ड्यात आपटू नये म्हणून वाकळीत गुंडाळून ठेवलेला.

ती वाकळ मी शिवली होती. अव्वा गेल्यावर तिची तीन इरकली लुगडी आम्हा बहिणींच्या वाट्याला आली, ती आम्ही वाटून घेतली नाहीत. आक्का म्हणाली, तू त्याची वाकळ शीव, समुद्रावर गेलो की दोघी एका वाकळीत झोपू, पूर्वीसारखं. सगळा हिवाळा मी दोरा घालत होते. अव्वाच्या लुगड्याचे लाल काठ चारी बाजूला लावले होते. त्या काठांवर आता काळ्या ग्रीसचे पंजे होते. ग्राइंडरच्या चकतीला अडकून एका जागी ती फाटली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्राइंडर उचलला आणि वाकळ ओढून काढली. ती घेऊन खाली उतरले.

"हे काय आहे?"

ह्यांनी बघितलं. "हां. जुनीच हुती न्हवं?"

"आणि फळी?"

"अगं, कामाला जागा पायजे का नको? रस्त्यावर काय बी मोडतंय. आक्का काय, खाली पथारी टाकून झोपल की. ती काय कुणी परकी हाय?"

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं, आणि इतके दिवस कळलं नाही म्हणून आणखी संताप आला. ह्या माणसाला समुद्राला जायचंच नव्हतं. कागलला जायचं नव्हतं, निपाणीला जायचं नव्हतं. ह्यांना मोडायला जायचं होतं. मोडलं की बसून जोडायचं, जोडलं की घरी जाऊन सांगायचं. आम्ही कोकणात पोचलो असतो तर ह्यांनी वाळूत बसून काय केलं असतं? ज्या गाडीत आक्काला जागा नाही ती गाडी आक्काला घ्यायला चालली होती, आणि मी पुढच्या सीटवर बसून शेंगाच्या पोळ्यांचा विचार करत होते.

"किल्ली माझ्याजवळ हाय," मी म्हटलं. किल्ली नेहमी माझ्याजवळ असते, ह्यांच्या खिशाला खिळ्यांनी भोकं पडलेली असतात.

"मग?"

"मी चाललो आक्काकडं." राग आला की माझ्या तोंडात माहेरची बोली येते, तिथं बायका अशाच बोलतात.

हे हसले. खरंच हसले. कृष्णातकडे बघून म्हणाले, "ही व्हय, परसाच्या भाईर गाडी काढली न्हाय कवा."

मी रस्त्याकडेचे दोन दगड आणले आणि डब्याच्या चांगल्या चाकाला मागून पुढून लावले. कितीही राग आला तरी घर घरंगळत जाऊ नये. डब्याचा पुढचा लोखंडी पाय फिरवून खाली सोडला, जमिनीला टेकवला. सुरक्षेची साखळी काढली. जोडाची पिन ओढली तशी ती नेहमीसारखी अडकली, मी नेहमीसारखी टाचेनं हाणली, सुटली. हे सगळं मी ह्यांच्या डोळ्यांदेखत केलं आणि हे हातातला पाना घेऊन नुसते बघत राहिले. मी बोलेरोत चढल्यावर कुठे ह्यांना खरं वाटलं.

"निर्मला! आगं ए! लाईटची वायर काढ आधी, तुटंल!"

बायको निघाली होती आणि ह्यांना वायरीची काळजी होती. मी खाली उतरले, वायरीची पिन काढली, ती ह्यांच्या हातात दिली.

"शेगडी हाय, तांदूळ हाय, चटणी हाय, पाणी हाय," मी म्हटलं. "बाक हाय झोपायला. तुमचं घर तुमच्याजवळ हाय. आता निवांत दुरुस्त करा. शूटिंग ह्यांस्नी घ्यायला सांगा." मी कृष्णातकडे बोट दाखवलं. कृष्णात घाईघाईनं म्हणाला, "मावशी, मी बघतो, तुमी जावा."

ग्राइंडरचं काय, असं हे म्हणत होते ते मला ऐकू आलं. मी गाडी सुरू केली.

पहिल्या वळणापर्यंत मी स्टिअरिंग आवळून धरलं होतं. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला तेव्हा मी जवळजवळ शेतात गेले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात स्टिअरिंगवरून काढायची हिंमत नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडत चालली होती, माझ्यासारखीच. मग मी तिसरा टाकला. रडणं थांबलं, दोघींचंही. तोंडानं मात्र मी बोलत होते, एकटीच, मोठ्यानं. लग्नापासून न बोललेलं सगळं मी त्या रस्त्याला ऐकवलं.

नेसरीच्या स्टँडवर आक्का कडेच्या बाकावर बसली होती. पायात नव्या चपला, मांडीवर पिशवी, पदर कानापर्यंत, कुणी ओळखू नये असा. ओळखीची दोन माणसं तिच्याशी बोलून पुढे गेली. मला बघून ती उठली नाही. माझ्या मागे रस्त्याकडे तिनं बघितलं.

"डबा कुठं हाय?"

"मोडला."

तिनं पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली. चेहरा असा मिटला की मला भीती वाटली. "मग सांगायला आलीस व्हय? फोन करायचा हुतास."

"सांगायला न्हाय आलो. न्यायला आलो. चल."

"पावणं कुठं हाईत?"

"घरात," मी म्हटलं. "रस्त्याच्या कडंला."

आक्कानं रस्त्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरच्या वाकळीवर गेली. कधी खांद्यावर टाकली मला आठवत नाही. तिनं काठ हातात घेतला, अंगठ्यानं ग्रीस पुसायचा प्रयत्न केला, ते आणखी पसरलं. फाटलेल्या जागेतून तिनं बोट घातलं. मी तिला सगळं सांगितलं, फळीचं, भोकांचं, ग्राइंडरचं.  वाकळ नीट घडी करून तिनं काखेत घेतली आणि कानापर्यंतचा पदर मागे सारला.

"गाडी तू चालवत आलीस?"

"व्हय."

"घाट बी तूच चालवणार?"

"भ्या वाटतंय आक्का," मी खरं ते सांगितलं.

"वाटंना का," ती म्हणाली. "मला काय गाडी येती व्हय? मग दोघी सारख्याच." पिशवी उचलून ती गाडीकडे चालायला लागली. पिशवीतून रिकाम्या बाटलीचं टोक दिसत होतं. चिमणाबाईची. ती आक्कानं अजून परत केलेली नव्हती.

स्टँडवरूनच मी रुद्रेशला फोन केला, तुझे पप्पा अमक्या ठिकाणी आहेत, उद्या येऊन बघ. तो घाबरला. "आई, घाट हाय पुढं. तुला जमणार हाय का?"

"तुझ्या पप्पांपेक्षा सोपा असंल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आंबोलीला जायची माझ्या ओळखीची वाट एकच, मागे गडहिंग्लजला येऊन आजऱ्याकडं वळायचं. म्हणजे डब्यावरूनच जावं लागणार होतं. मी लांबूनच बघितलं. डब्याच्या सावलीला माझ्या दोन स्टुलांवर दोघं बसलेले, मध्ये माझ्या पातेल्यात चहा. चाक काढून आडवं टाकलेलं. कृष्णातनं सळई धरली होती आणि हे तिच्यावर कानस चालवत होते, डोकं खाली घालून, जीभ जराशी बाहेर. इतकं सुख मी ह्या माणसाच्या चेहऱ्यावर आमच्या लग्नात बघितलं नव्हतं. माझा राग थोडा निवला होता, तो परत पेटला.

गाडीच्या आवाजानं ह्यांनी वर बघितलं. बोलेरो दिसली, आत आक्का दिसली. ह्यांना वाटलं, झालं, आली परत. कानस ठेवून उठले, पँटीला हात पुसले, डब्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी मला खुणा करायला लागले. मागं घे. मागं. जरा डावीकडं. मागं.

"थांबायचं न्हाय?" आक्कानं विचारलं.

"न्हाय."

आक्कानं काच खाली घेतली. सत्तरीची म्हातारी, तिनं खांद्यापर्यंत अंग बाहेर काढलं. सकाळी बाजाराला जाते असं गल्लीला खोटं सांगून तोंड झाकून निघालेली ती, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली.

"पावणंऽ! समुद्राला चाललो आम्ही! समुद्राला!"

उसात तोडणी करणाऱ्या बायांनी कोयते थांबवून वर बघितलं. त्यांनाही तिनं सांगितलं. कृष्णातनं स्टुलावरून उठून दोन्ही हात वर केले. आरशात मला हे दिसत होते, तिथेच उभे, अजून हातानं मागं, मागं करत.

मी चौथा गिअर टाकला.